चित्रखंडाची गती : संकलनाकडून रंगसंस्करणाकडे जाताना

शेती, आरोग्य, शिक्षण, जलसंधारण इत्यादी विषयांची माहिती लोकांपर्यंत पोचविण्यासाठी चित्रपटाचा उपयोग करण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वी प्रसिद्धी खात्याची गाडी गावात येत असे, चावडीसमोर किंवा देवळाच्या पटांगणात पडदा उभारला जाई आणि रात्री अनुबोधपट दाखविले जात. आज तेच चित्र शाळेतील संगणकावर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात आणि हातातील मोबाइलवर पोचते. चित्र तयार करण्याची साधनेही सुलभ झाली आहेत. शासकीय कार्यालये, शिक्षणसंस्था, किंबहुना एखाद्या गावची शाळासुद्धा आता स्वतःचे माहितीपट तयार करू शकते.

साधने सुलभ झाली असली तरी कामाची विभागणी मात्र कायम आहे. चित्रीकरण एकजण करतो, संकलन दुसरा करतो आणि चित्राच्या रंगांवर अखेरचा संस्कार तिसरा करतो. या अखेरच्या कामास व्यवसायात 'कलर ग्रेडिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'रंगसंस्करण' असे म्हटले आहे. संकलकाच्या हातून रंगतज्ज्ञाच्या हाती चित्र जाताना पुष्कळदा एक गोष्ट हरवते, ती म्हणजे चित्राची गती. ती का हरवते, त्यापासून कोणते नुकसान होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार या लेखात केला आहे. माहितीपट करून घेणारे अधिकारी, ते वर्गात दाखविणारे शिक्षक आणि ते पाहून काही शिकू इच्छिणारे ग्रामस्थ या सर्वांनाच हा विषय जवळचा आहे.

गती म्हणजे काय?

चलच्चित्र हे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. यातील प्रत्येक स्थिर चित्रास चौकट किंवा फ्रेम म्हणतात. या चौकटी एका ठरावीक वेगाने डोळ्यांपुढून गेल्या की चित्र हलत असल्याचा भास होतो. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत असत व साधारणतः सेकंदास १६ च्या आसपास चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर सेकंदास २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. भारतात दूरदर्शनसाठी सेकंदास २५ चौकटींचे प्रमाण स्वीकारण्यात आले. आजचे मोबाइल फोन बहुधा सेकंदास ३० चौकटी टिपतात, आणि कॅमेऱ्यांत ५०, ६०, १०० किंवा १२० चौकटींचीही सोय असते.

यातील मूलभूत नियम सोपा आहे. ज्या वेगाने चित्र टिपले त्याच वेगाने ते दाखविले, तर पडद्यावरील हालचाल प्रत्यक्षासारखी दिसते. टिपण्याचा वेग अधिक आणि दाखविण्याचा वेग कमी असेल, तर हालचाल संथ दिसते. याउलट असेल, तर ती जलद दिसते. जुने मूकपट पाहताना माणसे धावपळ करीत असल्यासारखी दिसतात, याचे कारण हेच. सेकंदास १६ चौकटींनी टिपलेले चित्र २४ चौकटींनी दाखविले की प्रत्येक हालचाल दीडपट जलद होते. त्या काळची माणसे काही दीडपट वेगाने चालत नव्हती.

गतीत मुद्दाम केलेला बदल हे ज्ञानदानाचे उत्तम साधन ठरू शकते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ साली प्रदर्शित झालेला चित्रपट करण्यापूर्वी 'अंकुराची वाढ' नावाचा एक लहानसा चित्रपट तयार केला होता. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, हे त्यांनी महिन्याहून अधिक काळ टिपले आणि ते सुमारे एका मिनिटात दाखविले. एका महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही गती किती पटींनी वाढविलेली होती याची कल्पना येते. डोळ्यांना एरवी कधीही न दिसणारी गोष्ट त्यामुळे दिसली. प्रेक्षकांची फसवणूक मात्र झाली नाही, कारण वेल मिनिटात वाढत नाही हे पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते.

पूर्वीची पद्धत आणि आजची पद्धत

सेल्युलॉइडच्या काळात गतीचा बदल प्रत्यक्ष फितीवरच होत असे. संथगती हवी असल्यास कॅमेरा अधिक वेगाने चालवीत, किंवा प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर एकेक चौकट दोन-तीन वेळा छापून नवीन निगेटिव्ह तयार करीत. संकलकाने कापलेल्या प्रतीप्रमाणे मूळ निगेटिव्ह जुळविली जाई आणि त्यानंतर प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ प्रत्येक दृश्याचा प्रकाश व रंग ठरवीत असे. त्याच्या हाती जी फीत येई, तिच्यातच गती मुरलेली असे. ती वेगळी कळविण्याचे कारण नव्हते.

संगणकावरील संकलनात परिस्थिती उलट झाली. येथे मूळ चित्रखंडास कोणी हात लावीत नाही. तो जसाच्या तसा साठवणीत राहतो आणि संकलकाचे सर्व निर्णय केवळ सूचनांच्या रूपाने नोंदले जातात : अमुक चित्रखंड घ्यावा, अमुक चौकटीपासून अमुक चौकटीपर्यंत घ्यावा, तो निम्म्या गतीने चालवावा. संकलकाच्या पडद्यावर जी संथगती दिसते, ती मूळ चित्रात कोठेही नसते. ती केवळ एका नोंदीत असते. रंगतज्ज्ञाची संगणक प्रणाली बहुधा वेगळी असते. तिने ती नोंद वाचली नाही किंवा चुकीची वाचली, तर चित्र राहते आणि गती जाते. सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

रंगतज्ज्ञाकडे काय पाठविले जाते?

संकलकाकडून रंगतज्ज्ञाकडे तीन गोष्टी जातात. पहिली, मूळ चित्रखंड. दुसरी, संकलनाच्या निर्णयांची यादी. आणि तिसरी, संपूर्ण चित्रपटाची एक तयार प्रत, जिला संदर्भ चित्रफीत म्हणतात. रंगतज्ज्ञ यादीप्रमाणे मूळ चित्रखंड पुन्हा जुळवितो. या जुळणीस व्यवसायात 'कन्फॉर्म' असे म्हणतात.

निर्णयांची यादी निरनिराळ्या स्वरूपांत पाठविता येते. त्यांपैकी सर्वांत जुने व साधे स्वरूप म्हणजे ईडीएल. याचा प्रचलित नमुना सीएमएक्स या अमेरिकन कंपनीच्या संकलन यंत्रांवरून आलेला आहे. ही कंपनी १९७१ साली सीबीएस व मेमोरेक्स यांनी मिळून स्थापन केली होती. या यादीत गतीसाठी 'एम २' या अक्षरांनी सुरू होणारी एक स्वतंत्र ओळ असते. तीत चित्रखंडाचे नाव, सेकंदास किती चौकटी चालवावयाच्या तो आकडा आणि आरंभाचा टाइमकोड एवढाच तपशील असतो. सेकंदास २५ चौकटींच्या टाइमलाइनवर निम्मी गती असेल, तर तेथे १२.५ हा आकडा येतो. गोठविलेल्या चौकटीसाठी शून्य येते आणि उलट्या गतीसाठी आकड्याआधी ऋण चिन्ह येते. ही ओळ कोणासही उघडून वाचता येते, हा ईडीएलचा मोठा गुण आहे. दृश्य चालू असतानाच गती हळूहळू कमी-जास्त होत असेल, तर ते मात्र या एका आकड्यात मावत नाही.

एक्सएमएल आणि एएएफ ही दोन स्वरूपे अधिक तपशील नेऊ शकतात. बदलत्या गतीचे टप्पेही त्यांत नोंदलेले असू शकतात. तथापि, दोन टप्प्यांमधील चढउतार कसा काढावा याचे प्रत्येक प्रणालीचे गणित वेगळे असते. त्यामुळे दृश्याचा आरंभ आणि शेवट जुळूनही मधला भाग पुढे-मागे सरकतो. म्हणून यादी अधिक प्रगत असली म्हणजे तपासणीची गरज संपते, असे समजू नये.

श्वासांच्या मोजणीचे उदाहरण

गतीची चूक ही केवळ दिसण्याची बाब आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. ते तसे नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

लहान मुलांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वासांची गती मोजतात. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावयाचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २ महिने ते १२ महिने पूर्ण होईपर्यंतच्या बालकात मिनिटास ५० किंवा अधिक श्वास आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटास ४० किंवा अधिक श्वास असल्यास ते जलद श्वसन समजले जाते. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना हे शिकविण्यासाठी एक माहितीपट तयार करावयाचा आहे, असे समजू. त्यात दोन मुलांची प्रत्येकी एक मिनिटाची दृश्ये आहेत. प्रशिक्षणार्थींनी पडद्याकडे पाहून श्वास मोजावेत, अशी योजना आहे.

पहिले बालक ८ महिन्यांचे आहे व त्याचे श्वास मिनिटास ४८ आहेत, म्हणजे जलद नाहीत. हे दृश्य सेकंदास २४ चौकटींनी टिपले गेले. माहितीपटाची टाइमलाइन २५ चौकटींची आहे. संकलकाच्या प्रणालीने मधूनमधून एखादी चौकट दुबार दाखवून प्रत्यक्ष गती राखली. रंगतज्ज्ञाच्या प्रणालीने मात्र चौकटीस चौकट लावली. आता एका मिनिटात १,४४० ऐवजी १,५०० मूळ चौकटी पडद्यावर जातात, म्हणजे ६२.५ सेकंदांची हालचाल ६० सेकंदांत उरकते. ४८ गुणिले २५ भागिले २४ केले, तर उत्तर ५० येते. निरोगी बालक पडद्यावर आजारी ठरते.

दुसरे मूल ३ वर्षांचे आहे व त्याचे श्वास मिनिटास ४२ आहेत, म्हणजे जलद आहेत. हे दृश्य सेकंदास ३० चौकटींनी टिपले गेले. येथेही चौकटीस चौकट लागली, तर मिनिटाच्या जागेत प्रत्यक्षातील ५० सेकंदांचीच हालचाल मावते. पडद्यावर ३५ श्वास भरतात. उपचाराची गरज असलेले मूल पडद्यावर ठीकठाक दिसते.

या दोन्ही प्रसंगी निवेदक योग्यच आकडा सांगत असेल. पण डोळा वेगळेच मोजील. प्रशिक्षणार्थीस वाटेल की आपलीच मोजणी चुकली. ती दुसऱ्यांदा मोजील आणि पुन्हा चुकेल. असे दोन-तीनदा झाले की ती आपल्या मोजणीवरचा विश्वास गमावील, किंवा चुकीच्या लयीची सवय घेऊन गावात जाईल. एकच रंगसंस्कृत चित्र घेऊन त्यावर मराठी, कोंकणी, कन्नड अशा अनेक भाषांतील निवेदन चढविण्याची पद्धत आहे. अशा वेळी एका ठिकाणी झालेली चूक सर्व भाषांतून सर्वत्र पोचते.

ही चूक सहसा लक्षात येत नाही, याला दोन कारणे आहेत. यादीत प्रत्येक चित्रखंडाची टाइमलाइनवरील जागा निश्चित असते. आतील गती बदलली तरी जागा तेवढीच राहते आणि चित्रपटाची एकूण लांबी एका सेकंदानेही बदलत नाही. दुसरे असे की, माणूस बोलत असेल तर ओठ व शब्द यांचा मेळ सुटतो आणि चूक तत्काळ उघड होते. मुकी दृश्ये मात्र काहीच सांगत नाहीत. श्वास घेणारे बालक, वाहते पाणी, पेरणीचे यंत्र, शिवणयंत्रावर चालणारे हात या दृश्यांवर निवेदकाचा आवाज असतो. तेथे चूक निमूटपणे बसून राहते.

गती कोठे हरवते?

अनुभवी संकलक व रंगतज्ज्ञ ज्या जागा प्रथम तपासतात, त्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. *टिपण्याच्या वेगाचा निराळा अर्थ लावलेले चित्रखंड.* सेकंदास ५० चौकटींनी टिपलेला चित्रखंड '२५ चौकटींचा समजावा' अशी सूचना संकलक आपल्या प्रणालीस देतो आणि त्यास सहज निम्मी गती मिळते. येथे टाइमलाइनवर गतीचा बदल केलेलाच नसतो. साहजिकच यादीतही त्याची नोंद होत नाही.

२. *गटात बांधलेले चित्रखंड.* अनेक चित्रखंड एकत्र बांधून त्या गटास गती दिली, तर आतील व बाहेरील अशा दोन गती होतात. दुसऱ्या प्रणालीत त्यांपैकी एखादीच पोचते.

३. *बदलती गती.* संथ होत जाणारे व पुन्हा जलद होणारे दृश्य, ज्याचा विचार वर केलाच आहे.

४. *मोबाइलचे चित्रीकरण.* पुष्कळसे मोबाइल फोन प्रकाशाप्रमाणे चौकटींचा वेग अधूनमधून बदलतात. वेग स्थिर नसलेला असा चित्रखंड दोन प्रणालींत दोन प्रकारे वाचला जातो. यास्तव संकलनास आरंभ करण्यापूर्वीच तो स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावा.

५. *अपुरी चौकट-शिल्लक.* रंगतज्ज्ञास केवळ वापरलेला भाग कापून पाठविण्याची पद्धत असेल, तर गतीचा हिशेब करणे आवश्यक असते. टाइमलाइनवर ८ सेकंदांचे, म्हणजे २०० चौकटींचे दृश्य असेल आणि त्याची गती दुप्पट असेल, तर मूळ ४०० चौकटी लागतात. दोन्ही बाजूंस एकेका सेकंदाची शिल्लक ठेवावयाची असेल, तर २५ ऐवजी ५० चौकटी ठेवाव्या लागतात.

दोन मार्ग

गती बदललेले चित्रखंड रंगतज्ज्ञाकडे पाठविण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. कामाचे स्वरूप पाहून त्यांपैकी एक निवडावा.

पहिला मार्ग म्हणजे गती चित्रातच मुरवून पाठविणे. संकलक गती बदललेल्या प्रत्येक दृश्याचा एक नवा चित्रखंड तयार करतो आणि मूळ चित्रखंडाच्या जागी तो बसवितो. रंगतज्ज्ञास गतीचा विचारच करावा लागत नाही. बदलत्या गतीसाठी आणि गटात बांधलेल्या दृश्यांसाठी हा मार्ग अधिक सुरक्षित आहे. मात्र नवा चित्रखंड उत्तम दर्जाचा असला पाहिजे. तो मूळ आकारात, १० बिट किंवा त्याहून अधिक खोलीत आणि कोणताही रंगबदल न करता तयार करावा. घाईने केलेल्या ८ बिटच्या, दाबून लहान केलेल्या चित्रखंडात आकाशाच्या निळ्या छटांचे पट्टे पडतात आणि सावलीतील तपशील नाहीसे होतात. रंगतज्ज्ञ कितीही कुशल असला, तरी गेलेले परत आणू शकत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ चित्रखंड मूळ गतीनेच पाठविणे, त्यांवर रंगसंस्करण करून घेणे आणि परत आल्यावर संकलकाने आपल्याकडे असलेली गती त्यांना पुन्हा लावणे. संकलनात गतीबाबत अजून फेरबदल होण्याचा संभव असेल, तर हा मार्ग सोयीचा पडतो. या मार्गाने जाताना चौकटींची पुरेशी शिल्लक ठेवावी आणि चित्रखंडांची नावे व टाइमकोड यांत काडीचाही बदल होऊ देऊ नये.

रंगतज्ज्ञाने स्वतःच्या प्रणालीत गती उभी करणे हाही एक पर्याय आहे. साध्या व स्थिर गतीसाठी तो पुरेसा असतो. मात्र रंगसंस्करण सुरू झाल्यानंतर गती बदलू नये. चेहऱ्याभोवती काढलेली आणि चेहऱ्याबरोबर सरकणारी प्रकाशाची मर्यादा चौकटींच्या क्रमाशी बांधलेली असते. मागाहून गती बदलली की चेहरा एकीकडे आणि प्रकाश दुसरीकडे अशी स्थिती होते.

गती आधी आणि रंग नंतर हा क्रम मोठ्या कामांतही पाळला जातो. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा पहिल्या महायुद्धावरील माहितीपट लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील चित्रीकरणावरून तयार केला. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यांमुळे त्यातील प्रत्येक तुकड्याची गती निराळी होती. मूळ गतींचा अंदाज घेऊन त्या सेकंदास २४ चौकटींशी जुळविण्यात आल्या व सैनिकांच्या चित्रांना रंगही देण्यात आले. शतकापूर्वीचे ते सैनिक माणसांसारखे चालताना दिसले, यात रंगाइतकाच गतीचाही वाटा आहे.

मधल्या चौकटींचा प्रश्न

सेकंदास २५ चौकटींनी टिपलेले दृश्य निम्म्या गतीने दाखवावयाचे असेल, तर निम्म्या चौकटी कमी पडतात. त्या तीन प्रकारे भरल्या जातात. एक, प्रत्येक चौकट दुबार दाखविणे. त्याने दृश्य किंचित अडखळते. दोन, शेजारच्या दोन चौकटींचे मिश्रण करणे. त्याने हालचालीच्या कडा पुसट होतात. तीन, ऑप्टिकल फ्लो या पद्धतीने हालचालीचा अंदाज घेऊन संगणकाकडून नवीन चौकट तयार करवून घेणे. तिसरी पद्धत दिसण्यास सर्वांत मऊ असते. परंतु पाऊस, पाणी, चाकाचे आरे, एकमेकांवरून जाणारी बोटे यांच्या बाबतीत ती पुष्कळदा चुकते व आकार फाटल्यासारखे दिसतात.

यांपैकी कोणती पद्धत वापरली हे सुद्धा रंगतज्ज्ञास कळविले पाहिजे. अन्यथा टक्केवारी तीच राहूनही चित्र निराळे दिसते. अंदाजाने तयार केलेली चौकट ही घडलेल्या गोष्टीची नोंद नसते, हेही ध्यानात ठेवावे. आरोग्य किंवा विज्ञान शिकविणाऱ्या दृश्यात संथगती आवश्यक असेल, तर प्रथमपासूनच सेकंदास ५० किंवा १०० चौकटींनी चित्रीकरण करणे इष्ट होय.

येथे विजेच्या दिव्यांचाही संबंध येतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळे काही दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही. परंतु ६० किंवा १२० चौकटींनी टिपलेल्या संथ दृश्यात ते लुकलुकणे दिसू लागते. ते घालविण्याचे काम गती बदलण्यापूर्वी, मूळ चौकटींवर करावे. उजळ व मंद चौकटी एकदा एकमेकींत मिसळल्या की ते काम फार कठीण होते.

सुपूर्द करण्यापूर्वीची कृती

१. संकलन अंतिम झाल्याची खात्री करावी व त्यास संबंधितांची मान्यता घ्यावी.

२. गती बदललेल्या सर्व दृश्यांचा एक तक्ता तयार करावा. त्यात टाइमलाइनवरील टाइमकोड, चित्रखंडाचे नाव, टिपण्याचा वेग, लावलेली गती टक्क्यांत, मधल्या चौकटींची पद्धत आणि बदलाचा हेतू असे सहा रकाने असावेत.

३. टाइमलाइनपेक्षा निराळ्या वेगाने टिपलेले पण प्रत्यक्ष गतीने दाखवावयाचे चित्रखंडही या तक्त्यात घ्यावेत. त्यांच्यापुढे 'प्रत्यक्ष गती' असे स्पष्ट लिहावे. वरील दोन्ही बालकांची दृश्ये याच वर्गातील होती.

४. गटात बांधलेली दृश्ये सोडवावीत. जी सोडविता येत नाहीत, ती मुरवून पाठवावीत.

५. संदर्भ चित्रफितीच्या कोपऱ्यात चालता टाइमकोड उमटवावा. यादी आणि चित्रफीत यांत फरक पडल्यास चित्रफीत प्रमाण मानावी.

६. गती बदललेल्या दोन-तीन दृश्यांची प्रथम चाचणी करावी. मगच संपूर्ण चित्रपट पाठवावा.

परत आल्यावर तपासणी

रंगसंस्करण होऊन आलेली प्रत संदर्भ चित्रफितीवर ठेवून पाहावी. प्रत्येक गतिबदलाच्या आरंभी, मध्यभागी आणि शेवटी थांबून दोन्ही चौकटी सारख्या आहेत का हे ताडून घ्यावे. केवळ आरंभ व शेवट पाहिल्यास मधला फरक नजरेतून सुटतो.

ज्या दृश्यांतून प्रेक्षकांनी एखादे माप शिकावयाचे आहे, ती घड्याळ लावून मोजावीत. श्वास, नाडी, छातीवरील दाब, पंपाचे हात, पेरणीच्या चाकाचे फेरे यांची मोजणी आधी मूळ चित्रखंडावर व नंतर अंतिम प्रतीवर करावी. हे काम तंत्रज्ञावर न सोपविता त्या विषयाच्या जाणकाराने, म्हणजे डॉक्टर, परिचारिका किंवा कृषी सहायक यांनी करावे. रंगाच्या बाबतीतही हेच लागू आहे. ओठांची निळसर छटा हे एक धोक्याचे लक्षण आहे. त्वचेचा रंग सुखद करण्याच्या ओघात ते पुसले जाता कामा नये.

गती मुद्दाम बदललेली असेल आणि ती प्रेक्षकांच्या सहज लक्षात येणार नसेल, तर पडद्यावर 'संथगती' किंवा 'जलदगती' अशी अक्षरे द्यावीत. त्यास दोन सेकंद लागतात आणि गैरसमज टळतो. गतीचा तक्ता अंतिम प्रतीबरोबर दप्तरी ठेवावा. काही वर्षांनी त्याच चित्रीकरणाचा दुसरा माहितीपट करण्याची वेळ आली, म्हणजे मूळ गती कोणती होती हे सांगणारे दुसरे कोणी कार्यालयात नसते.

शासकीय माहितीपट पाहणारा प्रेक्षक करमणुकीसाठी बसलेला नसतो. जे पडद्यावर दिसले ते खरे, असे मानून तो घरी, शेतात वा रुग्णाच्या बिछान्याजवळ त्याप्रमाणे वागतो. त्याच्या या विश्वासास पात्र राहण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. सहा रकान्यांचा एक तक्ता आणि हातातील घड्याळ एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

(शिक्षकांनी ही उदाहरणे गणिताच्या तासास घेण्यास हरकत नाही.)

१. सेकंदास २५ चौकटींच्या टाइमलाइनवर ६ सेकंदांचे दृश्य ५० टक्के गतीने दाखवावयाचे आहे. मूळ किती चौकटी लागतील?

२. हातपंप मिनिटास ४० वेळा चालविला आहे. चित्रीकरण सेकंदास ५० चौकटींनी झाले. तेच २५ च्या टाइमलाइनवर चौकटीस चौकट लावले, तर मिनिटास किती वेळा चाललेला दिसेल?

३. हृदयक्रिया बंद पडल्यास प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब द्यावयाचे असतात. प्रात्यक्षिकात मिनिटास १०८ दाब दिले गेले व ते सेकंदास ३० चौकटींनी टिपले. २५ च्या टाइमलाइनवर चौकटीस चौकट लागल्यास पडद्यावर कोणती गती दिसेल? ती योग्य मर्यादेत आहे काय?

उत्तरे : (१) ७५ चौकटी. (२) २० वेळा. (३) मिनिटास ९०. योग्य मर्यादेत नाही.